डाव्या ओळीतली अकरा घरं

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक खोटं काम केलं, आणि माझं पुढचं सगळं शिक्षण, नोकरी, मान त्याच कामावर मिळाला. हे मी घरातसुद्धा कधी बोलले नाही. नवऱ्याला लग्नाआधी एवढंच सांगितलं होतं, की कॉलेजात असताना भूकंपाच्या गावांत सर्व्हे केला, तो मुंबईच्या लोकांना आवडला आणि मला तिकडं दोन महिने शिकायला बोलावलं. यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणूनच ते सांगताना मला कधी अडखळायला झालं नाही.

आमचं घर नांदेडचं. वडील शाळेत मराठी शिकवायचे. भूकंप झाला तेव्हा आमच्याकडं फळीवरची भांडी वाजली, शेजारची मंडळी रस्त्यावर आली, आणि सकाळी रेडिओवर कळलं की लातूरकडं गावंच्या गावं बसली. आमच्या शाळेनं कपडे, धान्य गोळा केलं. मी त्यावर एक भाषण लिहिलं आणि वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले. तेव्हापासूनच बहुधा मला सवय लागली, दुसऱ्याच्या दुःखावर चांगलं बोलायची.

भूकंपानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका संस्थेतल्या बाई आमच्या मानसशास्त्र विभागात आल्या. वाचलेल्या बायकांच्या मनावर काय परिणाम झाला, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. गावोगाव फॉर्म भरून घ्यायला त्यांना पदवीची मुलं हवी होती. आमच्या कॉलेजातून दोघींना घेतलं. एक मी. दुसरी किनवटकडची, वसतिगृहात राहणारी. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. घर बौद्धांचं, शिकणारी ती पहिलीच. वर्गात ती मागं बसायची आणि कमी बोलायची, पण पेपरात मला दोन-चार मार्कांनी नेहमी मागं टाकायची. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "तुमच्यातल्या एकीला मी उन्हाळा संपायच्या आत मुंबईला नेणार. दोन महिने माझ्यासोबत काम करायचं. पुढं एम.ए.ला त्याचा फार उपयोग होतो."

आम्ही औशाला एका शिक्षकांच्या घरी उतरलो. रोज सकाळी जीप आम्हाला त्या गावात सोडायची. गाव म्हणजे जुन्या गावापासून लांब, माळावर नव्यानं बांधलेली वसाहत. सरळ रस्ते, एकसारखी घरं, भिंतींवर रंगानं घातलेले नंबर. दर फॉर्मला पन्नासेक प्रश्न होते, आणि शेवटी एक मोकळा चौकोन: 'उत्तर देणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे शब्द.'

पहिल्या घरातली बाई बाजेवर धोतर पसरून शेवया वाळत घालत होती. मी फॉर्म काढला. नाव, वय, शेती, झोप कशी लागते, असं करत करत एकोणिसाव्या प्रश्नावर आले. भूकंपात घरातलं कोण कोण गेलं? वयानं मोठ्यापासून सांगा.

ती म्हणाली, "मोठ्यापासून कशाला? जसं काढलं तसं सांगते."

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. सासरा. धाकटा दीर. मग लहान पोरगा. मध्येच थांबून तिनं मला विचारलं, "तुझं वय किती गं?"

"एकोणीस."

"हां. आमची पोरगी तुझ्यापरास दोन वर्सानं ल्हान होती." एवढं बोलून ती पुन्हा शेवया सारख्या करायला लागली.

माझ्या हातातलं पेन हलेना. काय लिहायचं ते माहीत होतं, रकाना समोर होता, पण हात हलेना. किनवटची मैत्रीण माझ्यासोबतच होती; तिनं माझ्या मांडीवरचा फॉर्म उचलून बाजूला ठेवला, बाजेच्या पलीकडं जाऊन बसली आणि त्या बाईसोबत शेवया मोकळ्या करायला लागली. तासाभरानं ती बाई आपणच बोलू लागली. घरात छताखाली झोपत नाही, अंगणातच झोपतो, पाऊस आला तर भिंतीला टेकून बसून राहतो. नव्या संडासात गोवऱ्या भरून ठेवल्यात. थोरल्या पोराचं जमवायचं आहे, पण ह्या गावात पोरगी द्यायला कुणी तयार नाही. जेवून जा म्हणाली. त्या दिवशी आमच्या दोघींचे मिळून तीन फॉर्म झाले.

दुसऱ्या दिवशीही तेच. जीपमध्ये बसल्यावर दुसऱ्या कॉलेजच्या मुलांनी आपापले आकडे सांगितले. कुणाचे बारा, कुणाचे पंधरा. मला लाज वाटली. खोटं बोलायच्या आधी वाटलेली ही लाज मला चांगली आठवते, कारण ती चुकीच्या गोष्टीची होती.

तिसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला म्हटलं, "आपण वाटून घेऊ. तू उजवी ओळ घे, मी डावी घेते. लवकर होईल."

ती म्हणाली, "एकटीला जमंल का तुला? परवा रडवेली झाली होतीस."

"जमेल."

डाव्या ओळीतल्या पहिल्या दाराशी मी गेले. आत कुणीतरी पाटा धूत होतं. मी कडी वाजवली नाही. पुढच्या दाराशीही वाजवली नाही. ओळीच्या टोकाला समाजमंदिराचं अर्धवट बांधकाम होतं, छत घातलेलं, फरशी बाकी. तिथं सावलीत सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर बसले. थोडा वेळ बसून मग जाऊ, असं मनाशी म्हणत होते. मग नुसता एक फॉर्म काढला. घर नंबर घातला. वय पंचेचाळीस. झोप: अपुरी. भीती: अधूनमधून. एकोणिसाव्या प्रश्नाला दोन जण लिहिले. नंतरच्या फॉर्मला एकच लिहिला, सगळ्यांकडं दोन कसे असतील म्हणून. मी मेलेली माणसं वाटत बसले होते. दुपारपर्यंत अकरा घरं झाली.

आणि मला ते छान जमत होतं, हे सांगितलं नाही तर हे सगळं सांगणं फुकट आहे. कुठली वाक्यं खरी वाटतील ते मला कळत होतं. एका फॉर्मच्या शेवटच्या चौकोनात मी एका म्हातारीच्या तोंडी लिहिलं, 'जुन्या घराला माझा पाय ठावा हुता. ह्या घराला मी ठावी न्हाई.' लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं आणि खूश झाले.

संध्याकाळी जीपची वाट बघताना मैत्रिणीनं विचारलं, "डाव्या ओळीत चार घरांना कुलूप हाय म्हणत होती एक मावशी. लोकं कारखान्याकडं गेलेत म्हणे. तुला भेटलं का कुणी तिथं?"

"मी गेले तेव्हा घरं उघडी होती," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. पिशवीतून शेंगा काढल्या, निम्म्या माझ्या ओंजळीत घातल्या.

आठ दिवसांनी बाईंनी फॉर्म मोजले. माझे चाळीस, तिचे एकोणीस. त्या पुढच्या दिवसांत मी खरे फॉर्मही भरले, पण जिथं कुणी रडेल असं वाटलं तिथून उठले आणि बाकीचं मनानंच पुरं केलं. बाईंनी मला एकटीला शिक्षकांच्या ओसरीवर बोलावलं. त्यांच्या हातात दोघींचे गठ्ठे होते.

"तुझी मैत्रीण हळू आहे," त्या म्हणाल्या, "पण फॉर्म फार चांगले आहेत तिचे. मी विचारात पडले आहे. तुला काय वाटतं, तिला मुंबईत दोन महिने राहायला जमेल?"

मी म्हणू शकले असते, हो. मी म्हणू शकले असते, तिलाच विचारा. मी म्हटलं, "जमेल हो, पण तिच्या घरचे एवढ्या लांब मुलीला पाठवणार नाहीत."

हे मी कशावरून म्हटलं? तिच्या घरी मी कधी गेले नव्हते. तिच्या वडिलांना कधी पाहिलं नव्हतं. मुलीला मुंबईला पाठवायला का-कू करत होते ते माझे वडील. पण मला माहीत होतं, की माझ्यासारख्या घरातली मुलगी तिच्यासारख्या घराबद्दल असं म्हणाली तर ते खरं मानलं जाईल. बाईंनी मान हलवली. "हो, ती अडचण असतेच," म्हणाल्या, आणि गठ्ठ्यांना दोरा बांधला.

मुंबईत एका दुपारी संस्थेच्या छोट्या सभागृहात बाईंनी कामाची माहिती दिली. बोलता बोलता त्यांनी एक कागद उचलला आणि माझ्या म्हातारीचं वाक्य वाचलं. चष्मा पुसत एक वयस्क प्राध्यापक म्हणाले, "किती साधी बाई, आणि काय बोलून गेली!" बाईंनी मला उभं केलं. "ही भेटली आहे त्या आजींना. सांग ना, कशा होत्या?"

मी सांगितलं. कपाळावर गोंदण होतं. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. मला चहा घे म्हणून आग्रह केला. माझा आवाज मध्ये भरूनही आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण तो प्रसंग टाळ्यांचा नव्हता. पण बाहेर चहा घेताना दोघातिघांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढं अहवाल छापला गेला तेव्हा ते वाक्य एका प्रकरणाच्या सुरुवातीला, पानाच्या मध्यावर, एकटंच होतं. मला प्रमाणपत्र मिळालं, बाईंचं शिफारसपत्र मिळालं, त्या पत्रावर एम.ए.ला प्रवेश मिळाला आणि एम.ए.वर लातूरच्या कॉलेजात नोकरी.

कॉलेज उघडल्यावर मैत्रीण भेटली तेव्हा तिनं मुंबईबद्दल काही विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. मग ती बी.एड.ला गेली, एवढं कळलं.

लातूरला मी लग्न करून राहिले, तेव्हा क्लासचं वेड नुकतं वाढायला लागलं होतं. बघता बघता आमच्या गल्लीतली घरं मुलींची हॉस्टेलं झाली. डाळमिलच्या मालकांनी गोदामं पाडून अभ्यासिका काढल्या. सकाळी साडेपाचला पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुलींच्या रांगा निघत. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं असे. ज्यांना दोन-तीन वर्षं देऊनही जमत नसे, त्यांच्यातल्या काही जणी खाली मान घालून आमच्याकडं बी.ए.ला येत. त्यातलीच एक जळकोटची होती. दोनदा परीक्षा देऊन झाली होती. वर्गात शांत असायची.

आता पदवीला इंटर्नशिप सक्तीची झाली आहे. विभागात मीच ज्येष्ठ, तेव्हा ते काम माझ्याकडं. मी मुलांना विषय दिला, क्लासच्या हॉस्टेलमधल्या मुलींची झोप आणि भीती. प्रत्येकानं तीस फॉर्म आणायचे. जळकोटच्या मुलीनं तीस आणले, सगळ्यांच्या आधी. मी तिसरा फॉर्म उघडला आणि मला कळलं. अक्षर बदललेलं होतं, शाई बदललेली होती, पण 'आणखी काही सांगायचे आहे का' या रकान्यात एक वाक्य होतं, 'घरून फोन आला की मी आधी हसायची तयारी करते, मग उचलते.' फार सुंदर वाक्य. ती हुशारी मी लगेच ओळखली.

मी तिला वर्गात उभं केलं. सगळ्यांसमोर विचारलं, किती हॉस्टेलं पाहिलीस, कुणाशी बोललीस. तिला सांगता येईना. मग मी बोलले. संशोधन म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय, ज्या मुलींशी तू बोललीच नाहीस त्यांच्या तोंडी शब्द घालायचा तुला काय अधिकार. बोलत असताना मला माझा आवाज ऐकू येत होता. तो स्पर्धेतला आवाज होता. मी थांबले नाही.

ती हळू म्हणाली, "मॅडम, हॉस्टेलवाले आत सोडत नव्हते. कॉलेजचं पत्र आण म्हणत होते. तुम्ही पत्र देते म्हणाला होता. मी तीनदा आले होते."

खरंच आली होती. पत्र माझ्या टेबलावर सही करायचं राहिलं होतं. तरी मी म्हटलं, "कारणं नकोत," आणि तिला शून्य दिलं. दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजला आली नाही.

आठ-दहा दिवस मी ते पचवायचा प्रयत्न केला. मग एका रविवारी नांदेडला माहेरी जाते असं घरी सांगितलं आणि नांदेडहून गाडी धरून किनवटला गेले. मैत्रीण तिथल्या एका निवासी शाळेत मुख्याध्यापिका आहे, हे मला बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. पंचवीसहून जास्त वर्षांनी भेटत होतो. शाळेच्या आवारात सागाच्या झाडाखाली मुलींच्या केसांत उवा आहेत का ते बघत बसली होती. मला तिनं ओळखलं, खुर्ची आणायला लावली, पाणी दिलं. हातातल्या मुलीचं डोकं सोडलं नाही.

मी सगळं सांगितलं. अकरा घरं, म्हातारी, सभागृह. तिनं त्या मुलीला 'जा, साबण लावून धू' म्हणून पाठवलं आणि मग म्हणाली, "फॉर्मचं मला त्याच दिवशी कळलं होतं. त्याचा राग न्हाई आला मला. तुला भेव वाटलं होतं, मी पाहिलं होतं ना. बाईंनी इचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं."

मग तिनं विचारलं, "घरचे पाठवणार न्हाईत, हे मात्र तू काहून सांगितलंस?"

ते तिला माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. तिनं सांगितलं, औशाहून निघताना बाईंनीच तिला समजुतीनं म्हटलं होतं, घरच्यांची अडचण आहे असं कळलं, वाईट वाटून घेऊ नकोस.

"बाबांनी मुंबईच्या रेल्वे पासचा अर्ज देऊन ठेवला होता," ती म्हणाली. "सायबाच्या पाया पडले होते त्यासाठी. नवी बॅग आणली होती. मी घरी येऊन सांगितलं, दुसरीला घेतलं. त्यांनी इचारलं, का? मी काय सांगू? तुमच्यामुळं घेतलं न्हाई म्हणून सांगू? मी म्हटलं, माझे फॉर्म कमी पडले. ते मरेपर्यंत म्हणून राहिले होते, तू जरा हात उचलून काम करायला पाहिजे होतं."

मी म्हटलं, "मला माफ कर."

ती म्हणाली, "बाबा असते तर त्यांना सांगितलं असतंस, त्याचा उपेग झाला असता. आता मला कशाला सांगून राहिलीस?" आवाजात चीड नव्हती. खरंच विचारत होती. मी जळकोटच्या मुलीचं सांगितलं तेव्हा मात्र तिचा चेहरा बदलला. "आणि तू इकडं आलीस? आधी तिकडं जायला पाहिजे होतं. ऊठ. तीनची गाडी हाय."

जेवायला थांब असं ती म्हणाली नाही.

दोन दिवसांनी मी जळकोटला गेले. मुलीचं घर बसस्टँडच्या मागं होतं. तिची आई मला बघून घाबरली, लेकीनं आणखी काही केलं की काय असं वाटून. "बाई, बसा, चुकलं असंल तर पदरात घ्या," म्हणाली. त्या शब्दांनी मला बसवेना. मी आईसमोरच मुलीला सांगितलं, की पत्र मी दिलं नाही ही चूक माझी. आणि तुझ्या वयाची असताना मी तेच केलं, त्याहून वाईट केलं, आणि त्यावर आजवर पगार घेते.

मुलगी बराच वेळ ऐकत होती. मग तिनं एकच विचारलं, "मग तुमच्या त्या रिपोर्टचं काय केलं मॅडम? त्यांना कळवलं का?"

कळवलं नव्हतं. इतक्या वर्षांत हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला लाज वाटत होती ती माझीच, माझ्यापुरती. ज्या गावाबद्दल मी खोटं लिहिलं, त्या गावाची आठवण मला त्या मुलीनं करून दिली.

मी संस्थेला पत्र लिहिलं. कुठले घर नंबर, कुठली वाक्यं, सगळं. त्या बाई आता हयात नाहीत. चार महिन्यांनी कार्यालयातून दोन ओळींचं उत्तर आलं, की आपल्या पत्राची नोंद घेतली असून ते अहवालाच्या प्रतीसोबत ठेवले आहे. प्राचार्यांना मी सगळं तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, जुनी गोष्ट आहे, कुठं बोलू नका." मी विभागातल्या मुलांना वर्गात सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी फोन बघितला.

मुलीचं शून्य मी काढून घेतलं आणि तिला नव्यानं काम करायची मुभा दिली. ती परत आली. सही केलेलं पत्र घेऊन हॉस्टेलांत जाते, आठवड्याला दोन-तीनच फॉर्म आणते. पण इंटर्नशिपच्या नव्या अर्जावर मार्गदर्शक म्हणून तिनं माझं नाव लिहिलं नाही. शेजारच्या विभागातल्या सरांचं लिहिलं. अर्ज माझ्याच टेबलावरून पुढं जायचा होता. मी सही केली आणि शिपायाच्या हाती दिला.